फॉर्मॅलिनमधला मावा

तिचं कपाट मी अजून आवरलेलं नाही. खरं तर कपाट आवरणं हे माझंच काम. शिरूरच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. कुठलं पुस्तक कुठे ठेवायचं आणि कुठलं बाद करायचं, हे ठरवण्यात माझी नोकरी गेली. पण तिच्या कपाटात पुस्तकं थोडी आणि बाटल्या फार. मधल्या फळीवर वीस बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत. दवाखान्यातून मागून आणलेल्या, रबरी बुचाच्या, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. आतल्या पाण्यात पांढरट गाळ दिसतो. तो उसावरचा मावा आहे. त्या बाटल्यांचा काही उपयोग नाही हे आम्हाला त्याच वर्षी कळलं होतं. तरी तिने त्या टाकल्या नाहीत, आणि आता मलाही टाकवत नाहीत.

माझी पत्नी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. न्हावऱ्याहून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरचं आमचं गाव. तिथे पोरांपासून सरपंचांपर्यंत सगळे तिला बाई म्हणत. घरात मीही चेष्टेने बाईच म्हणायचो. पुढे ती चेष्टा राहिली नाही. तिचं माहेर केंदूरचं. लहानपणी आईबरोबर लोकांच्या रानात खुरपायला जाताना तिला किडे धरून बघायचा नाद लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

शाळेत ती एकाच गोष्टीत कडक होती. सूक्ष्मदर्शकातून बघून आकृती काढायची असली की पोरं पुस्तकातलीच आकृती वहीत उतरवायची. सगळीकडे हेच चालतं. बाई मात्र सुबक आकृतीखाली लाल शाईने लिहायच्या, ‘हे तुला दिसलं का?’ एकदा एका मुलीने पानभर जागेत नुसता एक धुरकट ठिपका काढून खाली लिहिलं होतं, ‘मला एवढंच दिसलं.’ तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. ती मुलगी पुढे पुण्याला शिकायला गेली आणि किड्यांच्या आनुवंशिकतेवर संशोधन करू लागली. तिच्यामुळेच या बाटल्या आमच्या घरात आल्या.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पाऊस सरता सरता उसाच्या पानांच्या खालच्या अंगाला पांढरी लोकर दिसू लागली. हात लावला की बोटांना चिकटायची. पानांवर चिकटा पडायचा, त्यावर काळी बुरशी धरायची, आणि उंच उसातून चालून आलेला माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हा मावा आल्याचं लोकांनी पेपरात वाचलं होतं. आमच्या गावात तो सगळ्यांत आधी दिसला आप्पांच्या रानात.

आप्पा गावातले जुने बागायतदार, शाळा समितीवर कितीतरी वर्षं असलेले. त्यांची लेक दक्षिणेतल्या उसाच्या मुलखात दिलेली. त्याच वर्षी आषाढात त्यांनी व्याह्यांच्या रानातून लावणीसाठी टेम्पो भरून उसाचं बेणं आणलं होतं. गावाने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि निकाल लावून टाकला. मावा आप्पांनी आणला.

सुरुवातीला नुसतं बोलणं होतं. डेअरीत दूध घालायला आप्पा आले की कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, जरा लांबून. कापडाला असंल एखादा." मग ते हसण्यावारी राहिलं नाही. फवारणी करणाऱ्या गड्यांना शेजारच्यांनी बजावलं, त्यांच्या रानात गेलात तर आमच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. गडी यायचे थांबले. पाणंदीतून आप्पांची गाडी जाऊ द्यायची नाही असं ठरलं. समितीच्या सभेचं बोलावणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. सगळ्यांच्या उसावर फवारे पडत होते, आप्पांचा ऊस तेवढा तसाच उभा होता.

याच सुमारास पुण्याहून त्या विद्यार्थिनीचं पत्र आलं. ती ठिकठिकाणचा मावा जमवत होती. सगळीकडचा मावा एकाच वंशाचा आहे की वेगवेगळ्या वाटांनी आला आहे, हे त्याच्या पेशींतल्या डीएनएवरून तिला पाहायचं होतं. शिरूर आणि दौंड या भागातला मावा बाईंनी गोळा करावा, प्रत्येक रानाची बाटली वेगळी, त्यावर गट नंबर आणि तारीख, नीट जतन करून ठेवावा, दिवाळीनंतर मी येऊन घेऊन जाते, असं तिने लिहिलं होतं.

बाईंना इतकं खूश झालेलं मी क्वचित पाहिलं होतं. रविवारी सकाळी आम्ही विहारातून आलो की ती भिंग आणि बाटल्या पिशवीत घालून मोपेडवर निघायची. पहिल्या पाच बाटल्या आप्पांच्या रानातल्या भरल्या. मग शेजारची रानं, मग एसटीने नदीपलीकडे राहूपर्यंत. आमच्या वस्तीतले एक मामा विहाराच्या पायरीवर तिला म्हणाले, "बाई, आत्ता जीव मारणार न्हाई म्हणून हात जोडलं, आन् लगीच बाटल्या घिऊन निघाल्या."

"मामा, मी मोजून मारते," ती म्हणाली. "आणि प्रत्येकाचं लिहून ठेवते."

"फवारणीवालं बी मोजूनच मारत्यात. पंपावर."

ती हसली. पण त्यानंतर ती एका पानावरचे दहाच किडे घ्यायला लागली. बाकीचं पान खाली ठेवून द्यायची.

एका संध्याकाळी आप्पा घरी आले. आमच्या वस्तीत ते मतं मागायला तेवढे येत, आणि तेव्हाही अंगणातूनच बोलत. त्या दिवशी ते चपला काढून आत आले आणि कॉटवर बसले. चहा दिला तो त्यांनी घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायले. मग बशीकडे बघतच बोलले.

"बाई, ती तुमची पोरगी माव्याची कुळी काढती म्हनं?"

"कुळी म्हणायला हरकत नाही, आप्पा."

"मंग माझा मावा आन् त्या व्याह्याकडचा मावा, येक का न्यारा, हे निघंल?"

"निघावं असं वाटतं."

"मला येक कागद पायजे. आप्पांनी मावा आणला न्हाई, असा. सहीशिक्क्याचा."

"काय निघेल ते आज कसं सांगू?"

"त्यात काय निघायचंय? म्या न्हाईच आणला." त्यांनी बशी खाली ठेवली. "मला काय, धा-बारा वर्षं राहिली असतील. पर ह्या गावात येकदा नाव पडलं का मोडत न्हाई. त्या खालच्या आळीतल्या घराला अजून रेडेचोर म्हणत्यात. रेडा कवा चोरला, कुणी चोरला, कुणाला ठाव न्हाई. उद्या माझ्या नातवंडाला मावावालं म्हणतील. शाळंत, तुमच्यासमोर."

बाईंनी मान हलवली. हजेरीच्या वेळी पोरं कसली नावं घेतात ते तिला माहीत होतं. आप्पा जायला निघाल्यावर ती त्यांच्या मागोमाग अंगणात गेली. दोघं लिंबाखाली उभी राहून काहीतरी बोलत होती. मी आतच होतो, ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही. बेण्याचं सांगत होते."

दिवाळीनंतर विद्यार्थिनी आली. खांद्याला झोळी, हातात थर्माकोलचा डबा. बाईंनी टेबलावर वीस बाटल्या मांडून ठेवल्या होत्या, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या पुढे दिसतील अशा. मुलीने एक बाटली उचलली, बूच काढलं, हुंगलं आणि परत ठेवली.

"बाई, हे फॉर्मॅलिन आहे?"

"हो. ताजं केलं होतं."

मुलीने दुसरी बाटली उघडून हुंगली. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक, साप, टेपवर्म, सगळं फॉर्मॅलिनमध्येच असतं. आमच्या पिढीतल्या कुठल्याही विज्ञानशिक्षकाला नीट जतन कर म्हटलं तर तो फॉर्मॅलिनकडेच हात नेणार. मी मधेच विचारलं, काय झालं.

मुलगी माझ्याकडे वळली. बाईंना थेट सांगायला तिला जड जात असावं. "सर, तुमच्याकडे जुन्या हस्तलिखितांच्या नकला असतात ना? एकाने उतरवताना चूक केली की त्याच्यावरून उतरवणाऱ्याकडे तीच चूक जाते. चुका बघत गेलं की कुठली नक्कल कुठल्या नकलेवरून झाली ते कळतं."

"कळतं," मी म्हणालो. एवढं मला येत होतं.

"आमचं कामही तसंच आहे. प्रत्येक किड्याच्या आत चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर असतो. आईकडून लेकीकडे जाताना कुठेतरी एखादं अक्षर बदलतं. ती बदललेली अक्षरं आम्ही शोधतो. फॉर्मॅलिनमध्ये किडा छान दिसतो, पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. पण आतली पानं एकमेकांना डिंकाने चिकटवल्यासारखी होतात. सोडवायला गेलं की फाटतात. आम्हाला कडक अल्कोहोलमध्ये लागतात." मग ती बाईंना म्हणाली, "मी पत्रात लिहायला हवं होतं, बाई. चूक माझी आहे."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. सगळे करतात तसं मी केलं. वर्षभर पोरांना हेच बोलते."

तिने बाटल्या एकेक करून कपाटात ठेवल्या. मग म्हणाली, "चल, आप्पांच्या रानात जाऊ. परत भरू."

आप्पांच्या रानात मावा नव्हता. पानं उलटून उलटून तिघं थकलो. लोकर वाळून काळपट झाली होती, आणि तिच्यात बारीक जाळी विणलेली दिसत होती. बाईंनी भिंग लावलं आणि मला बोलावलं. जाळीखाली एक राखाडी-हिरवी अळी होती, भाताच्या शितापेक्षा थोडी लांब. शेवटचा राहिलेला मावा ती खात होती. पुढच्या पानावर दुसरी, त्याच्या पुढच्यावर तीन. शेजारच्या फवारलेल्या उसात मावा पुन्हा फुटून आला होता आणि अळी औषधालासुद्धा नव्हती. हिला कुणी आणून सोडलं नव्हतं. मावा वाढला तशी तीही आपली आपण आली होती, आणि आप्पांच्या रानात फवारा पडला नाही म्हणून जगली होती.

बाई सरीत उकिडवी बसून तासभर ती अळी बघत राहिली. मला आठवतं, तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी निराशा अजिबात नव्हती. मी मात्र आप्पांचाच विचार करत होतो. गावातलं पहिलं रान तेच, आणि त्या रानातला मावा आता फक्त आमच्या कपाटात होता, वाचता न येणारा.

निदान बाकीच्या रानांतला मावा नव्याने घ्यायला हवा होता. मुलीने येताना थोडंसंच अल्कोहोल आणलं होतं, ते गावातल्या रानांत संपलं. तिच्या संस्थेत ते परवान्यावर मोजून मिळे. पुढचं यायला आठवडा लागणार होता. आणि राहूच्या ज्या रानात मावा सगळ्यांत दाट होता तिथे दोन दिवसांनी ऊसतोडीची टोळी उतरणार होती.

"बाजारातलं चालेल का?" बाईंनी विचारलं.

"बाजारातलं म्हणजे?"

"दारू."

मुलगी विचारात पडली. "कमी पडते तशी. पण बिनरंगाची असेल, बर्फावर ठेवली आणि दोन-तीन दिवसांत माझ्याकडे पोचली तर चालेल."

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. माझ्या वडिलांनी आणि तिच्या वडिलांनी, दोघांनी धम्म घेतला तेव्हा सोडली ती सोडली, आणि आम्ही तर तिची चवही घेतली नव्हती. पाच शीलांपैकी पहिलं ती रविवारी रविवारी थोडं थोडं मोडतच होती, आता पाचव्याची पाळी आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, प्यायची थोडीच आहे. तुम्ही उद्या शिरूरला जाणारच आहात."

दुसऱ्या दिवशी मी शिरूरच्या त्या दुकानासमोरून तीनदा गेलो. चौथ्यांदा आत शिरलो. जाळीमागे बसलेला दाढीवाला गडी उठूनच उभा राहिला. आमच्या महाविद्यालयातून पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, लायब्ररीत फारसा न दिसलेला.

"सर? तुम्ही?"

"एक बाटली पाहिजे."

"कंची देऊ?"

"सगळ्यात कडक. बिनरंगाची."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, घरी समदं ठीक हाय ना?"

"ठीक आहे."

"बाईंना ठाव हाय का हे?"

"त्यांनीच पाठवलंय."

 त्याने बाटली दोन पेपरांत गुंडाळली, वरून दोरा बांधला आणि पुडा माझ्या पिशवीत पुस्तकांच्या खाली स्वतःच्या हाताने सरकवला. "नीट जावा, सर," म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी खरी काळजी होती की मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण उसाचा मावा बुडवायला नेतोय, हे त्याने कसं मानलं असतं?

डेअरीतून बर्फ घेतला. आम्ही तिघं राहूला गेलो. टोळीच्या कोपी, पाचटाच्या झोपड्या, रानाकडेला उभ्या राहत होत्या. बाईंनी नऊ बाटल्या भरल्या, प्रत्येकीत दहा किडे. संध्याकाळच्या एसटीत त्या थर्माकोलच्या डब्यातून दारूचा वास येत होता. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने डब्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या साडीतल्या बाईंकडे, मग माझ्याकडे, आणि तो उठून मागच्या सीटवर गेला. बाई उतरेपर्यंत हसत होती.

आप्पांच्या रानातला मावा आणखी एका ठिकाणी होता, आणि तोही माझ्या कामामुळे. पहिल्याच आठवड्यात तिने त्या रानातलं एक पान आणलं होतं, शाळेच्या प्रदर्शनात लावायला. दाबून वाळवायला घरात जड पुस्तक नव्हतं म्हणून ते मी महाविद्यालयात नेलं आणि बांधीव मासिकांच्या एका जाडजूड खंडात ठेवलं. मग विसरलो. विद्यार्थिनी निघायच्या दिवशी सकाळी ते मला एकदम आठवलं. तिला बरोबर घेऊन मी शिरूरला गेलो. खंड उघडला तर पान कडक वाळलेलं, लोकर चपटी होऊन कागदाला चिकटलेली, आणि दोन्ही पानांवर चिकट्याचा तपकिरी डाग. दुसऱ्या कुणी असा डाग पाडला असता तर मी त्याचं कार्ड जप्त केलं असतं.

"वाळलेलं चालतं?" मी विचारलं.

"फॉर्मॅलिनपेक्षा पुष्कळ बरं," ती म्हणाली, आणि तिने ते पान अलगद उचलून पाकिटात घातलं.

निकाल माघात आला. ती स्वतः आली, कागद घेऊन. आमच्या गावचा, राहूचा, आणखी दोन तालुक्यांतला, दक्षिणेत आप्पांच्या व्याह्यांच्या भागातला आणि आप्पांच्या वाळलेल्या पानावरचा, सगळा मावा तिने वाचला होता. जेवढा भाग वाचता आला तेवढा अक्षराला अक्षर सारखा होता. हा मावा नराशिवाय वाढतो. आई आपल्यासारख्याच लेकी थेट जन्माला घालते, लेकी तशाच नाती. नकलेत चूकच नाही, मग कुठली नक्कल कुठून आली हे कळणार कसं? तो दक्षिणेतून बेण्यातून आला असेल. पंख फुटलेल्या माद्या वाऱ्याबरोबर आल्या असतील. टोळ्यांच्या गाड्यांतून, वैरणीसाठी नेलेल्या उसाच्या शेंड्यांतून, वाढ्यांतून आला असेल. "आणखी बारीक वाचता आलं तर पुढे कधी फरक दिसेलही," ती म्हणाली. "आज सांगता येत नाही."

ती गेल्यावर मी बाईंना म्हणालो, "आप्पांना एवढंच सांग, त्यांच्यावरचा आरोप शाबीत झाला नाही. खोटं नाही ते. आणि म्हाताऱ्याचा जीव शांत होईल."

"आणि तो खोटा ठरला, हे झालं का?"

"नाही."

"मग अर्धंच सांगू?"

 ती आधी आप्पांकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. कागद देता येणार नाही, हेही सांगितलं. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की गावासमोर बोलायला त्यांची हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या वेळी ती डेअरीत गेली. मी बरोबर होतो. सभेत बोलायची तिला सवय नव्हती, पण किटल्या घेऊन उभ्या असलेल्यांतले निम्मे तिचे विद्यार्थी होते. फॅट काढायच्या यंत्राशेजारी उभी राहून तिने वर्गात सांगावं तसं सांगितलं. आधी फॉर्मॅलिनची आपली चूक सांगितली. मग निकाल सांगितला.

"म्हणून मावा आप्पांनी आणला, असं म्हणता येत नाही," ती म्हणाली. "आणि आणला नाही, असंही म्हणता येत नाही. राहूच्या रानातला मावाही असाच आहे, त्याच पंधरवड्यात दिसलेला, आणि तिकडे आप्पांचं बेणं गेलेलं नाही. मला एवढंच दिसलं."

मागून एकजण म्हणाला, "मंग बाई, किडं पुण्याला धाडून फायदा काय झाला? आधी जेवढं ठाव व्हतं तेवढंच ना?"

"नाही. आधी तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आता ठाऊक नाही, हे कळलं."

"म्हंजी बाईंनी आमाला अडाणी केलं," तो म्हणाला आणि लोक हसले. पण त्या हसण्यात आप्पांच्या कपड्यांवरचा विनोद नव्हता.

मग तिने पिशवीतून एक बाटली काढली. त्यात ती राखाडी अळी होती. या वेळी फॉर्मॅलिनमध्ये नव्हती. अळी काय खाते ते तिने सांगितलं, बाटली हातोहात फिरवली. "ही आप्पांच्या रानात सापडली. तिथे फवारा पडला नाही म्हणून ती वाचली. फवारा का पडला नाही ते मी सांगायला नको."

 दूध मापायचं काम पुन्हा सुरू झालं.

पुढच्या पावसाच्या शेवटाला मावा पुन्हा आला, सगळ्यांकडे. आप्पांचा ऊस अजून उभा होता आणि त्यात अळीही होती. आधी शेजारचा एक आला, आडून आडून बोलत. आप्पांनी त्याला अळ्या असलेली पानं तोडून दिली. ती त्याने आपल्या उसाला दोरीने बांधली. मग पोती घेऊन लोक येऊ लागले. पाणंद मोकळी झाली. पोती त्याच वाटेने जायची होती. मी एकदा बाईंबरोबर गेलो होतो तेव्हा आप्पा बांधावर बसून एकाला म्हणत होते, "जरा लांबून रं. कापडाला असंल एखादी." तो खाली मान घालून पानं गोळा करत होता. आप्पा हसले, मग त्यालाही हसू आलं.

मावावाले हे नाव पुढे कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. अळीवाले आप्पा म्हणतात. नाव पडायचं ते पडलंच.

बाई गेली त्याला आता आठ महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आप्पा आले होते, पण गर्दीत बोलणं झालं नाही. परवा ते काठी टेकत एकटेच घरी आले. आत येऊन त्याच कॉटवर बसले. मी चहा ठेवला. ते कपाटाकडे बघत होते.

"त्या बाटल्या त्याच का, सर?"

"त्याच."

"ह्यात माझ्या रानातलं हाय?"

पहिली बाटली काढून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून फिरवली. पाठीमागच्या बाजूलाही एक चिठ्ठी होती. इतक्या वर्षांत मी बाटल्या पुढूनच पाहिल्या होत्या. ही चिठ्ठी मला माहीत नव्हती.

"काय लिवलंय? चष्मा न्हाई आणला."

मी वाचून दाखवलं. "फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. डीएनए मिळत नाही. चूक माझी." खाली तिची सही आणि तारीख. दुसरी बाटली फिरवून पाहिली, तिसरी पाहिली. वीसही बाटल्यांवर ती होती.

आप्पांनी बाटली पुन्हा उजेडात धरली. मग बाटलीकडे बघतच म्हणाले, "बेणं उतरवताना येका कांडीवर पांढरं दिसलं व्हतं. म्या अंगठ्यानं पुसलं आन् लावलं. कुणाला बोललो न्हाई. तुमच्या अंगणात लिंबाखाली बाईंना तेवढं सांगितलं."

 तिने हे माझ्यापासूनसुद्धा ठेवलं होतं.

"काय म्हणाली ती?"

"म्हणल्या, आप्पा, कांडीवर पिठ्या ढेकूण बी असतो, तो बी पांढराच असतो. मावा बहुतकरून पानाखाली बसतो, पर कांडीवर नसतोच असं बी मी म्हणणार न्हाई. तुम्ही भिंग लावून बघितलं व्हतं का? म्हणलं, न्हाई. तर म्हणल्या, मंग तुम्हाला पांढरं दिसलं. मावा दिसला असं म्हणू नका. आन् न्हवता असं बी म्हणू नका."

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद करून आलो तोवर आप्पांनी उठून बाटली फळीवर ठेवली होती, तिच्या जागी, मागची चिठ्ठी पुढे करून.